वरातीची घोडी आणि 48 तासांची प्लेट

‘कंटॅमिनंट’ हा शब्द आम्ही मायक्रोबायॉलॉजीवाले दिवसातून किती वेळा लिहितो याची मोजदाद नाही. रक्त काढताना कातडीवरचे जंतू बाटलीत शिरतात, त्यात डिफ्थेरॉइड नेहमीचेच. चार बाटल्यांतली एखादी पॉझिटिव्ह आली आणि स्लाइडवर ते आखूड, जाडसर दांडके दिसले की आम्ही पुढच्या नमुन्याकडे वळतो.

त्या सकाळी दोन्ही हातांतून घेतलेल्या दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह आल्या. टेक्निशियन काका म्हणाले, “मॅडम, डिफ्थेरॉइडच दिसतायत. सोडू का?” दोन वेगळ्या जागांच्या रक्तात एकच कचरा कसा येईल? फॉर्मवर फक्त ‘ताप, ?टीबी’ असं होतं. वॉर्डात फोन लावला तेव्हा कळलं, की चौदा महिन्यांपूर्वी या मुलाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, किडनी आईची. ही एक ओळ फॉर्मवर लिहायला रेसिडेंटला दहा सेकंद लागली असती. त्याचा राग मला अजून आहे.

मग जुनं रेकॉर्ड उघडलं. सात आठवड्यांपूर्वी त्याचीच थुंकी आमच्याकडे आली होती. ‘नॉर्मल फ्लोरा, डिफ्थेरॉइड.’ म्हणजे नेहमीचे निरुपद्रवी जंतू. ते वाढवायची प्लेट 48 तासांनी टाकून दिलेली. खाली माझी सही.

मधल्या काळात जे झालं ते असं. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पोकळी दिसली, म्हणून टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीवरची चार औषधं, सुरू झाली. सीबीनॅट ही टीबीची तपासणी निगेटिव्ह होती, पण आपल्याकडे पोकळी दिसली की निगेटिव्ह रिपोर्टला कुणी विचारत नाही. ताप उतरला, सगळ्यांची खात्री पटली. इकडे एकेटीतल्या रिफाम्पिसिनमुळे लिव्हर टॅक्रोलिमसचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचा, भराभर फडशा पाडू लागलं. डोस वाढवूनही लेव्हल खालीच. किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन 1.2 वरून 2.6 वर गेलं, बायॉप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर किडनी नाकारत होतं, स्टिरॉइडचे तीन मोठे डोस झाले. त्यानंतर ताप परत आला आणि जंतू रक्तात उतरला.

या वेळी मी प्लेट टाकू दिली नाही. चौथ्या दिवशी रंग आला. ओलसर, एकमेकींत ओघळलेल्या कॉलनी, शिजलेल्या कोलंबीसारख्या फिकट गुलाबी. मग कॅम्प टेस्ट लावली. प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एक उभी रेघ, तिच्याशी काटकोनात, जेमतेम न टेकणारी, आपल्या जंतूची आडवी रेघ. हा जंतू एकट्याने रक्तपेशी फोडत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन रेघा जिथे जवळ आल्या होत्या, तिथे फावड्याच्या पात्यासारखा लख्ख पारदर्शक आकार उमटला होता. काकांना बोलावून दाखवला. रोडोकॉकस इक्वाय! जंतू ओळखणारं मॅल्डी मशीन आमच्याकडे नाही. बाहेर पाठवलेल्या कल्चरचं उत्तरही तेच आलं.

इक्वाय म्हणजे घोड्याचा. 1923 साली स्वीडनमध्ये माग्नुसन यांनी शिंगरांच्या न्यूमोनियातून तो प्रथम वेगळा केला. मातीत, लिदीत राहतो, धुळीबरोबर फुफ्फुसात जातो आणि त्याला गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात वाढतो. एकेटीतल्या चार औषधांपैकी एकटं रिफाम्पिसिन त्याच्यावर चालतं. म्हणून तर आधी ताप उतरला होता. एकट्या औषधाला तो पुढे दाद देईनासा होतो, आणि आमच्या कल्चरमध्ये नेमकं तेच दिसलं.

केसपेपरवर ‘जनावरांशी संपर्क: नाही’ असं होतं. मी स्वतः वर गेले.

“घरी जनावरं आहेत का रे?”

“नाही मॅडम. शेतीच नाही आमची.”

“घोडा?”

“घोडी आहे ना काकांची. वरातीची.”

जनावरं म्हणजे गाई-म्हशी, हे त्याचं बरोबरच होतं. प्रश्न आमचा चुकला होता. ऑपरेशननंतर घरच्यांनी त्याला घोडीवर बसू दिलं नाही, खराराही बंद केला. जपायचं म्हणून हलकं काम दिलं: तबेल्यातली वाळलेली लीद झाडून काढायची.

रिफाम्पिसिन थांबवलं. इमिपेनेम, लेव्होफ्लॉक्सासिन आणि अझिथ्रोमायसिन सुरू केलं. क्लॅरिथ्रोमायसिन मुद्दाम टाळलं, कारण त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल उलट वर चढते. पुढे गोळ्या, निदान सहा महिने.

आता पोकळी भरत आलीय. क्रिएटिनिन 1.8 वर थांबलंय. 1.2 काही परत दिसलं नाही.

परवा त्याची आई लॅबच्या खिडकीशी आली. “मॅडम, घोडी विकून टाकू का आम्ही? लग्नसराईत घर तिच्यावरच चालतं हो.” मी म्हटलं, विकू नका. त्याने तबेल्यात पाऊल टाकायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी झाडताना लिदीवर आधी पाणी मारायचं. तिने दोनदा म्हणून घेतलं, पाठ केल्यासारखं.

त्या पहिल्या प्लेटबद्दल मी नेफ्रॉलॉजिस्टना सांगितलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.