लाइन बघितली, तारीख कुणी विचारलीच नाही

मी पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीत लॅब टेक्निशियन आहे, म्हणजे एचआयव्हीची तपासणी फुकट होते ते सेंटर. लोकांना वाटतं इथे दिवसभर रडारड चालते, प्रत्यक्षात निम्मा वेळ रजिस्टरं भरण्यात आणि उरलेला गरोदर बायकांची सॅम्पलं लावण्यात जातो. (पेशंटचे एकदोन तपशील बदललेत.)

तर चाकणच्या कंपनीतला एक पोरगा समुपदेशक मॅडमना न भेटता थेट लॅबमध्ये घुसला, डोळे सुजलेले, मोबाइल माझ्या तोंडासमोर. "सर, लाइन आहे ना ही?" फोटोत रॅपिडचं, म्हणजे झटपट एचआयव्ही टेस्टचं कार्ड. सी (कंट्रोल, म्हणजे किट चालतंय याची खूण) समोर ठसठशीत लाइन, टी (टेस्ट, म्हणजे खरा निकाल) समोर धुरकट काहीतरी, आणि खाचेत रक्त वाळून तपकिरी पडलेलं. ते बघूनच मला शंका आली. कार्ड कधी वाचलं विचारलं तर म्हणे बाहेरच्या ज्या लॅबमध्ये टेस्ट केली तिथला लॅबवाला जेवायला गेला होता, तासाभराने आला.

घ्या! प्रत्येक किटवर वाचायची वेळ छापलेली असते, बहुतेकदा 15-20 मिनिटं. त्या वेळेत दिसलेली लाइन कितीही फिकट असू दे, रिअ‍ॅक्टिव्हच, म्हणजे टेस्ट लागली असंच धरायचं, पण वेळ उलटून गेल्यावर वाळत्या कार्डावर जे उमटतं त्याला काडीची किंमत नाही. आणि खरी लाइन असली तरी एका किटवर पॉझिटिव्ह म्हणतच नाहीत, वेगवेगळ्या 3 किटवर लागली तर म्हणायचं. या महाशयांनी लेटरहेडवर ठळक पॉझिटिव्ह छापून पोराला घरी पाठवलेलं.

मॅडमकडे नेलं, संमतीची सही झाली, शिरेतून ताजं रक्त घेतलं, सिरम काढलं, टायमर लावला. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. पोरगा खुर्चीतून उठून माझ्या पायाच पडायला लागला.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, संबंध कधी आला होता रे? जेमतेम 2 आठवडे झालेले. म्हणजे आमची ती टेस्टसुद्धा त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नव्हती, कारण ही टेस्ट व्हायरस नाही, त्याच्याविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला 3 ते 12 आठवडे जातात. 72 तासांच्या आत आला असता तर डॉक्टरांना दाखवून लागण रोखायच्या 28 दिवसांच्या गोळ्यांचा तरी विचार झाला असता, ती वेळ केव्हाच गेलेली. आणि लागण झालीच असेल तर याच सुरुवातीच्या दिवसांत रक्तात व्हायरस सगळ्यात जास्त असतो.

मॅडम हे सगळं समजावत होत्या, निरोध, थेट व्हायरस शोधणारी आरएनए टेस्ट, 3 महिन्यांनी परत ये, आणि तो नुसता मान हलवत होता. मग म्हणाला, "निगेटिव्हचा कागद द्या ना सर, पुढच्या महिन्यात लग्न आहे, मुलीकडच्यांनी मागितलाय."

कागद दिला. अँटीबॉडीसाठी निगेटिव्ह, खाली बारीक अक्षरात पुन्हा तपासणीचा सल्ला. चूक एकही नाही त्यात. पण मुलीच्या बापाने ते बारीक अक्षर वाचलं असेल असं मला वाटत नाही, आणि आपण फोन करून सांगावं तर गुप्ततेचा 2017 चा कायदा आहे, तो असायलाच हवा.

मॅडमनी दोनदा फोन केला, उचलत नाही. मी म्हणतो रिपोर्टवर संबंधाची तारीख छापली पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. मॅडम म्हणतात, छापायला लागलो तर उद्यापासून खरी तारीख कोण सांगेल आपल्याला? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.