पिंग जात होतं, एक्स-रे जात नव्हता

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी साडेनऊला कोपरखैरण्याच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमधून फोन आला; तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. "दादा, एक्स-रे ठाण्याला जातच नाहीयेत. बारा पेशंट बसलेत." तिथले एक्स-रे नौपाड्यातले एक डॉक्टर वाचतात. आदल्या संध्याकाळी इंटरनेटची लाइन बदलली होती, त्यामुळे सगळ्यांचा संशय लाइनवर. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली.

पोचलो तोवर टेक्निशियन ताईंनी तपासायचं ते तपासून ठेवलं होतं. पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते बघणारं डेटाचं छोटं पाकीट, म्हणजे पॅकेट) जात होतं, इंटरनेट चालू होतं, डायकॉमची, म्हणजे वैद्यकीय प्रतिमा पाठवायच्या पद्धतीची, एको टेस्टही (जोडणी तपासणारी चाचणी) हिरवी. एक्स-रे पाठवला की मात्र तो तिथेच अडकायचा आणि शेवटी 'फेल'. बाकावर एक आजी सुजलेलं मनगट मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांचा नातू सारखा काउंटरवर येऊन विचारायचा, "झालं का?"

नेटवर्कच्या स्विचवर पोर्ट मिरर करून, म्हणजे त्या पोर्टवरच्या रहदारीची नक्कल घेऊन, वायरशार्क हे पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. सिन, सिन-अॅक, अॅक. टीसीपीची, म्हणजे डेटा नीट पोचला की नाही ते बघणाऱ्या नियमांची, ही तीन पावलांची ओळख व्यवस्थित होत होती. पुढची छोटी पॅकेटंही पोचत होती. मग पहिलं काठोकाठ भरलेलं पॅकेट निघालं: 1514 बाइट, त्यातले 14 इथरनेट हेडरचे. पोच आली नाही. तेच पॅकेट पुन्हा निघालं, मग पुन्हा, आणि दर खेपेला मधला थांबा दुप्पट. पोच मिळेपर्यंत टीसीपी सहजासहजी पिच्छा सोडत नाही. त्याच्या या चिवटपणावर माझा फार जीव आहे.

पिंगमध्ये एरवी 32 किंवा 56 बाइट डेटा असतो. एवढंसं पॅकेट कुठूनही निसटतं. म्हणून 'तुकडे करू नका' हा फ्लॅग लावून मोठं पिंग पाठवत गेलो. 1464 बाइट गेले, 1465 अडले. त्यात आयपी हेडरचे 20 आणि आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे अडचणीचे निरोप ज्यातून जातात ते) हेडरचे 8 मिळवले की 1492. उलगडा झाला. नवी लाइन पीपीपीओईची, म्हणजे लॉगिन करून जोडायच्या पद्धतीची, होती. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे 8 बाइट स्वतःला घेतं, त्यामुळे 1500 च्या जागी 1492 च उरतात.

पण एवढ्यावरून काम अडायला नको होतं. पॅकेट मावत नसेल तर राउटरने पाठवणाऱ्याला तसं उलट कळवायचं, हे 1981 च्या आयसीएमपीच्या मूळ दस्तऐवजातच आहे. नेमकं किती मावतं तेही त्या निरोपात सांगायचं, हे 1990 मध्ये ठरलं. निरोप मिळाला की पाठवणारा आपण होऊन पॅकेट लहान करतो. इथे मोठं पिंग अडलं तेव्हा असा कुठलाच निरोप आला नव्हता. नुसता टाइमआउट.

राउटरच्या लॉगमध्ये पाहिलं, तर तो दर वेळी कळवत होता. मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणारी राखण, होती. तिच्यात एक नियम: पिंगची ये-जा चालू, बाकी सगळं आयसीएमपी बंद. नियम मीच दोन वर्षांपूर्वी लिहिला होता, सुरक्षेसाठी म्हणून. जुन्या लाइनवर 1500 बाइट मावत होते, त्यामुळे त्या निरोपाची कधी गरजच पडली नव्हती.

ताईंना तिथल्या तिथे सांगितलं, "चूक लाइनची नाही, माझी आहे." त्या म्हणाल्या, "आधी आजींचा पाठवते."

तो निरोप फायरवॉलमधून सोडला. शिवाय राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) 1452 ला बांधला, म्हणजे दोन्ही टोकं सुरुवातीलाच लहान पॅकेटवर राजी होतात. ताईंनी बटण दाबलं आणि स्क्रीनवरची पट्टी एका दमात शेवटाला गेली. पंधरा मिनिटांत नौपाड्याहून डॉक्टरांचा फोन: मनगटाचं हाड मोडलंय, आजींना लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. नातू रिक्षा बघायला पळाला.

त्या रात्री मी सांभाळत असलेल्या उरलेल्या सगळ्या फायरवॉल उघडल्या. तोच नियम आणखी तीन ठिकाणी होता. झोपण्याआधी तिन्ही बदलले.