किती झाले म्हणजे पुरे? रोजच्या निर्णयांतील चालढकल आणि माझा अनुभव

मोठे निर्णय मी कधी फारसे टाळले नाहीत. नोकरी, लग्न, लातुरात घर घेणे, मुलीची शाळा या प्रत्येक गोष्टीला काहीतरी मुदत होती, घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष होते, आणि म्हणून ते वेळेवर झाले. गाडी अडत असे ती रोजच्या बारीकसारीक निर्णयांपाशी: संध्याकाळी भाजी कोणती करायची, लांबच्या नात्यातील लग्नाला जायचे की कुणाच्या हाती आहेर पाठवायचा, मिक्सर दुरुस्तीला टाकायचा की नवा घ्यायचा. असे प्रश्न "बघू" एवढे म्हणून पुढे ढकलता येतात. पण ढकललेला प्रश्न मनातून जात नाही. पोळ्या लाटताना, वह्या तपासताना तो पुन्हा समोर येतो आणि काही न करताच माणूस थकून जातो. चालढकल करणाऱ्याला घरचे लोक सर्रास आळशी ठरवतात, ते मला पटत नाही. माझ्या हातून दिवसभर कामे होतच होती. होत नव्हते ते फक्त "ठरले" असे म्हणणे.

आमच्याकडे मार्च सरतानाच ऊन चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे कूलर ही चैन राहत नाही. जुन्या कूलरचा पत्रा गंजून टाकी गळू लागली, तेव्हा मी नव्याची चौकशी सुरू केली. पत्र्याचा घ्यावा की फायबरचा, गवताच्या जाळ्यांचा की हनीकोंबचा, टाकी केवढी असावी, आणि मुख्य म्हणजे पाणी किती लागेल. कारण ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा प्रश्न कोणतीही गृहिणी सहज सोडून देत नाही. प्रत्येक दुकानात नवी माहिती मिळे आणि तिच्यातून नवा प्रश्न निघे. तो अख्खा उन्हाळा आम्ही टाकीच्या भोकाला एमसील लावून काढला.

त्याच वर्षी जूनमध्ये मी औसा तालुक्यातील आमच्या शेतावर गेले होते. पहिला पाऊस होऊन गेला होता, शिवारात काहींनी सोयाबीनची पेरणी उरकली होती, आणि माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते मात्र थांबले होते. त्यांनी बांधाच्या आतली माती वीतभर खोल उकरली, मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. वरची माती चिकट आणि खालची कोरडीच होती.

"अण्णा, सगळे पेरायलेत, तुम्हाला काळजी नाही का वाटत?" मी विचारले.

"कशाची गं पोरी? ओल खाली गेली नाही म्हणून थांबलो. ओल गेली, वापसा आला, की सकाळी पेरणी. त्यात इचार कसला करायचा?"

वापसा म्हणजे माती ना फार ओली ना कोरडी, पेरणीजोगी होणे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचाही सल्ला असाच असतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, नाहीतर दुबार पेरणीचे संकट ओढवते. शिवाय जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीनचा नाद सोडायचा, हेही अण्णांचे ठरलेले असते. थांबत आम्ही दोघेही होतो. पण किती ओल झाली म्हणजे पुरे आणि कोणत्या तारखेनंतर थांबण्यात अर्थ नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी आभाळ भरून येण्याआधीच ठरवलेल्या होत्या. शिवाय त्यांच्या थांबण्यातून दर पावसागणिक काही नवे कळत होते. माझ्या थांबण्यातून, पहिली दोन-तीन दुकाने सोडली तर, काहीही नवे कळत नव्हते.

हा विचार नवा नाही, हे नंतर वाचनात आले. ज्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडले होते की वेळ आणि माहिती मर्यादित असल्याने माणसाने सर्वोत्तमाच्या मागे न लागता गरजेला पुरेसा पर्याय सापडताच थांबणे व्यवहार्य असते. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा केला की अटी आधी लिहायच्या आणि बाजारात मग जायचे.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कूलरसाठी तीन अटी लिहिल्या: किमतीची मर्यादा, खोलीला पुरेल एवढी टाकी, आणि दुरुस्ती करणारा गावातच असणे. खाली शेवटची तारीखही घातली. लातूरच्या गंजगोलाई बाजारातील ज्या पहिल्या दुकानात तिन्ही अटी जुळल्या, तिथून कूलर घरी आला. खरा त्रास त्यानंतर झाला. दुसऱ्या दुकानासमोरून जाताना भाव विचारण्याची इच्छा अनावर होत असे, म्हणून घेतलेल्या वस्तूचा भाव पुन्हा विचारायचा नाही, ही आणखी एक अट घालून घ्यावी लागली आणि ती पाळणे मला सर्वांत जड गेले. भाजीचे सोपे होते: घरात पालेभाजी असेल तर आधी ती, हे ठरल्यावर रोजची घालमेल संपली. लग्नांच्या बाबतीत माझ्या यजमानांशी बोलून कोणत्या नात्यात दोघांनी जायचे आणि कुठे आहेर पुरे, हे लग्नसराई सुरू होण्याआधीच ठरवले.

दातांच्या दवाखान्यात जाणे मात्र कोणत्याही अटीला बधले नाही. तारीख लिहिली, ती उलटली, दुसरी लिहिली. तिथे अडचण निर्णयाची नव्हतीच. दाढ काढावी लागेल ही भीती होती, आणि भीतीला ओलीचे माप लावून उपयोग नसतो. शेवटी जाऊबाईंना सांगितले की फोन तुम्हीच करा आणि सोबतही या. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि सकाळी रिक्षा घेऊन दारात हजर झाल्या.