फ्रायर चाकांवर असेल तर नोझल नेमकं कुठे रोखलंय?

हॉटेलच्या स्वयंपाकघरात धूर ओढणाऱ्या हूडखाली आग विझवणाऱ्या यंत्रणेची नोझलं असतात. असं नोझल बसवताना त्याची उंची मोजलेली असते आणि त्याचं तोंड एका ठरलेल्या बिंदूकडे रोखलेलं असतं. बसवताना त्या बिंदूवर फ्रायरची कढई होती, म्हणून ते फ्रायरचं नोझल. पुढे कुणी साफसफाईसाठी फ्रायर ओढला आणि परत ढकलताना वीतभर अलीकडेच सोडला, तर नोझल जुन्याच जागी रोखलेलं राहतं. यंत्रणेचा दाब बरोबर, सील शाबूत, तपासणीचा टॅग ताजा, आणि तरीही फ्रायर उघडा पडलेला. चाकांवरच्या उपकरणांचा खरा धोका हा आहे, आणि तो बिघाड म्हणून कुठेच दिसत नाही.

चाकं लावूच नका, असं आम्ही अजिबात म्हणणार नाही. उपकरणामागच्या भिंतीवर आणि फरशीवर साचणारं चिकट तेल हे स्वतःच आगीचं खाद्य असतं. ते काढायचं तर उपकरण हलवावंच लागतं. प्रश्न फक्त परत ठेवण्याचा आहे.

थोड्याशा सरकण्याने एवढा फरक का पडतो, ते रसायनाकडे पाहिलं की कळतं. या यंत्रणांत वेट केमिकल असतं, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, ॲसिटेट किंवा सायट्रेट यांसारख्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण. तापलेल्या तेलावर पडलं की त्याचा साबण होतो आणि फेसाचा थर तयार होतो. हा थर हवा तोडतो, तेलाची वाफ दाबून धरतो, आणि द्रावणातलं पाणी तेलाची उष्णता खेचून घेतं. फवारा मुद्दाम मंद आणि बारीक थेंबांचा ठेवलेला असतो, कारण जोरदार धारेने पेटतं तेल कढईबाहेर उडेल. मंद फवारा बाजूला वळून तेलापर्यंत जात नाही. तो जिथे रोखलाय तिथेच पडतो.

फेसाने कढईचा सगळा पृष्ठभाग झाकला पाहिजे. चार बोटांची पट्टी जरी उघडी राहिली, तरी तिथली ज्वाळा शेजारचा फेस मोडत जाते. टाकीतलं रसायन मोजकंच असतं आणि ते एकदाच सुटतं. वनस्पती तेल साधारण ३६० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर आपोआप पेट घेतं, आणि हल्लीच्या फ्रायरच्या इन्सुलेशनमुळे ते लवकर निवत नाही. म्हणूनच अशा यंत्रणांसाठी १९९४ मध्ये लागू झालेल्या यूएल ३०० या अमेरिकन चाचणीत तेल पेटल्यावर बर्नर चालू ठेवून २ मिनिटं जळू देतात, मग यंत्रणा सोडतात, आणि विझल्यावर निदान २० मिनिटं ते पुन्हा पेटलेलं चालत नाही. या चाचणीत फ्रायर नोझलच्या नेमक्या मर्यादेत उभा असतो, हे विसरू नये.

किती सेंटिमीटर सरकलं तर चालेल, याचं सरसकट उत्तर नाही. ते उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये नोझलच्या मॉडेलनुसार दिलेलं असतं. नोझलची मांडणी मात्र कोणत्या पद्धतीची आहे, ते आधी विचारून घ्या. पहिल्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र नोझल असतं. दुसरीत एकसारख्या अंतरावर, एकाच उंचीवर नोझलची रांग असते आणि त्यांचे फवारे एकमेकांवर येतात. दुसऱ्या पद्धतीत संरक्षित पट्ट्याच्या आत उपकरणं डावी-उजवीकडे हलवण्याची बरीच मुभा मिळते. पण तो पट्टा पुढे-मागे किती खोल आहे ते ठरलेलं असतं, आणि सॅलमँडर, उभे ब्रॉयलर, चेन ब्रॉयलर अशा भाजण्याच्या उपकरणांना तिथेही स्वतंत्र नोझल लागतं. मेन्यू सारखा बदलणाऱ्या स्वयंपाकघरात सुरुवातीला जास्त खर्च करून दुसरी पद्धत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एनएफपीए ९६ या स्वयंपाकघरांच्या अग्निसुरक्षेच्या अमेरिकन मानकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. यंत्रणेच्या रचनेत मुभा नसेल तर संरक्षित उपकरण हलवण्याआधी किंवा बदलण्याआधी ती बसवणाऱ्याकडून अथवा देखभाल करणाऱ्याकडून फेरतपासणी करून घ्यायची. आणि साफसफाईसाठी हलवलेलं उपकरण मूळ जागीच परत येईल अशी मान्य व्यवस्था ठेवायची. पहिली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दुसरीकडे दुर्लक्ष होतं.

जागा पक्की करायची ती अशी

फरशीवर रंगाच्या खुणा करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आणि सर्वांत कमजोरही. रंग तेलाने आणि घासण्याने काही महिन्यांत जातो. शिवाय एक बारीक अडचण आहे. दिशा बदलणाऱ्या चाकाचा टेकण्याचा बिंदू त्याच्या खुंट्याच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला असतो. उपकरण आत ढकलताना चाक एका दिशेला वळतं, ओढताना दुसऱ्या. त्यामुळे चारही चाकं खुणेवर दिसत असूनही उपकरण काही सेंटिमीटर पुढे-मागे उभं असू शकतं.

म्हणून मागची दोन चाकं दिशा न बदलणारी, सरळच धावणारी घ्या आणि ती अडतील असे धातूचे खोलगट ठोकळे फरशीला पक्के करा. चाक त्यात उतरलं की हाताला कळतं. पुढच्या दोन चाकांना ब्रेक हवेत. पण ब्रेक उपकरणाला आहे तिथे धरतो, योग्य जागी आणत नाही. ब्रेक लावलाय म्हणजे जागा बरोबर आहे असं धरून चालू नका.

ठोकळे बसवण्याचं काम तंत्रज्ञ समोर असतानाच करावं. आधी उपकरणं उत्पादकाच्या नकाशाप्रमाणे लावायची. नोझलच्या टोकापासून तेलाच्या किंवा तव्याच्या पृष्ठभागापर्यंत उंची मोजायची. निशाण्याच्या साधनाने प्रत्येक नोझलचा बिंदू तपासायचा. उपकरणाची कड हूडच्या कडेच्या पुरेशी आत आहे ना, तेही बघायचं. भिंतीलगतच्या हूडसाठी साधारण १५० मिलिमीटर आत ठेवण्याची पद्धत आहे. उपकरण बाहेर आलं तर वाफ आणि उष्णता हूडबाहेर निसटते, फ्यूजिबल लिंक (उष्णतेने वितळून यंत्रणा सोडणारा दुवा) उशिरा तापते आणि यंत्रणाही उशिरा सुटते. सगळं जमलं की ठोकळे पक्के करा. समोरून काढलेला फोटो आणि मापं हूडजवळ लावून ठेवा, म्हणजे रात्रीच्या पाळीतल्या नव्या माणसालाही विचारायची गरज पडणार नाही.

गॅसचं उपकरण असेल तर हलवताना क्रम चुकवू नका. आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद, मग नळीचं क्विक डिसकनेक्ट कपलिंग (झटक्यात सुटणारी जोडणी) सोडायचं, मग उपकरण भिंतीला अडकवणारी केबल काढायची. परत ठेवताना केबल आधी, नळी नंतर. ही केबल लवचिक नळीपेक्षा आखूडच हवी, तरच ओढ केबलवर येते आणि नळी वाचते. भिंतीवर हूक आहे आणि केबल मागे लोंबकळतेय, हे दृश्य फार दिसतं. पक्क्या जोडणीची साधी नळी इथे चालत नाही. हलत्या उपकरणांसाठी प्रमाणित असलेलीच नळी घ्या.

विजेच्या उपकरणात निराळी गफलत होते. यंत्रणा सुटली की हूडखालच्या उपकरणांची वीज काँटॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, तोडतो. उपकरण दोन फूट सरकवलं, वायर पुरेना, म्हणून शेजारच्या भलत्याच सॉकेटला लावलं, तर रसायन पडूनही हीटर चालूच राहतो आणि विझलेलं तेल पुन्हा पेटतं. काँटॅक्टरवरच्या सॉकेटना वेगळा रंग द्या आणि एक्स्टेंशन बोर्ड हूडखाली येऊच देऊ नका.

काही बदल हलवण्यासारखे वाटतही नाहीत. जुनी चाकं काढून मोठी लावली की तेलाची पातळी वर जाते आणि नोझलची उंची मर्यादेबाहेर जाऊ शकते. ग्रिडलच्या (सपाट तव्याच्या) जागी फ्रायर आणला तर वरचं नोझल ग्रिडलचंच राहतं. शेगडीवर फळी बसवली तर फवारा फळीवर अडतो. नवं नोझल वाढवलं तर टाकीचं गणित बदलतं: प्रत्येक नोझलला फ्लो पॉइंट, म्हणजे त्याला किती रसायन लागतं याचे गुण, असतात, आणि ११ पॉइंटच्या टाकीवर १२ पॉइंट लादले की कुणाच्याच वाट्याला पुरेसं रसायन येत नाही. फ्रायर आणि शेजारच्या उघड्या ज्वाळेत ४०६ मिलिमीटर अंतर लागतं, नाहीतर मध्ये निदान २०३ मिलिमीटर उंच पत्रा. साफसफाईनंतर उपकरणं दाटीने परत लावली की हे अंतर सर्वांत आधी जातं.

तपासणी दर ६ महिन्यांनी होते. पण उपकरण रोज हलत असेल, तर रोज कामाला लागण्याआधी एक नजर टाकलीच पाहिजे: चाकं ठोकळ्यात आहेत का, केबल हुकात आहे का, नोझलच्या टोप्या जागेवर आहेत का. टोपी पडली की तेलकट वाफ नोझलमध्ये जाऊन भोक बुजवते. यंत्रणा सोडण्यासाठी हाताने ओढायचं हँडल सरकवलेल्या उपकरणामागे झाकलं जात नाही ना, तेही पाहा. ते बाहेर पडण्याच्या वाटेवर, मोकळं आणि हात पोहोचेल असंच हवं.

यंत्रणा सुटलीच तर पाणी मारू नका आणि एक्झॉस्टचा पंखा घाईने बंद करू नका. फेसाचा थर मोडू नका. तेल पूर्ण निवेपर्यंत उपकरण हलवायचं नाही. चाकं आहेत म्हणून पेटलेला फ्रायर बाहेर ओढायला जाणं सर्वांत घातक, कारण तसं केलं की तो फवाऱ्याखालून निघतो आणि उकळतं तेल अंगावर येतं. निवल्यावर तेल टाकून द्या. द्रावण क्षारधर्मी असतं, स्टीलवर राहिलं तर डाग आणि गंज धरतं, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन काढा. मग टाकी भरून, लिंक आणि टोप्या बदलून, उपकरण ठोकळ्यांत परत बसवून तंत्रज्ञाने यंत्रणा सज्ज केल्यावरच, यंत्रणा सुटताना बंद झालेला गॅसचा व्हॉल्व्ह हाताने रीसेट करायचा. तोवर त्या हूडखाली एकही बर्नर लावायचा नाही.