विहिरीतलं पान

परवा गावी गेलो होतो, संध्याकाळी पोरीला घेऊन विहिरीच्या काठावर बसलो. तिने खडा टाकला, गोल गोल वलयं पार कडेपर्यंत गेली, पण पाण्यावर पडलेलं पिंपळाचं पान काही कडेला आलं नाही, तिथल्या तिथेच वरखाली डुलत राहिलं. पोरगी म्हणाली, "बाबा, पाणी पळतंय तर पान का नाही पळत?" मला इतका आनंद झाला ना, लाटांची सगळी गंमत ह्या एका प्रश्नात आहे! अगं पाणी पुढे जातच नाही, पुढे जाते ती ऊर्जा, पाणी आपल्या जागेवर छोटीशी गिरकी घेतं आणि शेजारच्या पाण्याला हलवतं, बस.

मग कपडे वाळत घालायची दोरी सोडली, एक टोक खांबाला, दुसरं तिच्या हातात. हळू हलवली की लांबलचक लाट, भरभर हलवली की आखूड आखूड. दोरीचा ताण तोच म्हणून वेग तोच, आणि वेग म्हणजे वारंवारता (सेकंदाला किती लाटा) गुणिले तरंगलांबी (एका लाटेची लांबी), मग एक वाढली की दुसरी कमी होणारच. रेडिओलाही हेच सूत्र, १०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा कोटी लाटांच्या, एफएमची एक लाट ३ मीटरची असते.

दोरी जरा ताणून धरली तर लाट सटकन गेली. आणि खांबाला आपटून ती उलटी होऊन येते हे तिनेच आधी पकडलं, वर गेलेला फुगवटा खालून परत आला. "बाबा, परत!" अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं.