दुकानाच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलं त्याची गोष्ट

लॅपटॉप घरात एकच, आणि त्यात बाबांच्या दुकानाचं टॅली. ते विंडोजवर चालतं. मला प्रोग्रामिंग शिकायला उबुंटू हवं होतं, म्हणजे विंडोजसारखीच, पण लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणून दोन्ही ठेवायचं ठरलं. आधी टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री केली. एवढं मात्र कुणीही टाळू नका.

उबुंटूसाठी डिस्कवर वेगळी जागा काढायची होती. सी ड्राइव्हमध्ये जागा भरपूर मोकळी होती, तरी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट त्यातली जेमतेम १८ जीबी सोडायला तयार. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करणं) आणि पेजिंग (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) यांच्या फायली मधेच ठाण मांडून असतात, त्या हलत नाहीत. हायबरनेशन बंद केलं, पेजिंग फाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट केलं, तेव्हा १०० जीबी सुटले. हायबरनेशनबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हायची सोय, तीही गेली, ते बरंच झालं. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्सला डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर लिहिता येत नाही.

खरा घाम फुटला तो सिक्युअर बूटपायी, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणाऱ्या सेटिंगपायी. कुणीतरी सांगितलं म्हणून मी ते बंद केलं. पुढच्या वेळी विंडोज सुरू करायला गेलो तर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी की मागितली. बिटलॉकर चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं! बाबा शेजारीच उभे होते, महिनाअखेर होती. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली निघाली. फोनवरून बघून एकेक अंक टाकला. उबुंटू सिक्युअर बूट चालू असतानाही बसतं, त्यामुळे ते पुन्हा चालू केलं. बिटलॉकर काढलं, मगच उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावला. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबांनी विंडोज उघडलं, तर घड्याळात साडेचार. हार्डवेअरमधल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे तो फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटूला एका कमांडने स्थानिक वेळ पाळायला लावलं.

शेवटी ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत विंडोज आपोआप निवडलं जाईल असं केलं. बाबांनी बटण दाबायचं आणि दहा सेकंद थांबायचं. उबुंटू मी रात्री उघडतो, दुकान बंद झाल्यावर.