आमचा मंगळवार

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन सरकारीत करायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "डबा घेऊन जा." कॅलेंडर न्या म्हणाल्या असत्या तर जास्त उपयोग झाला असता.

पहिल्या मंगळवारी स्वारगेटहून बस पकडून सव्वासातला पोचलो. केसपेपरच्या खिडकीपुढे पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक हेल्मेट रांगेत उभं. मालक बाहेर चहाला. बाबांचा १४ आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, आधीच काढला होता. भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केला, मोबाइलवर टोकन आलं, दहा मिनिटांत केसपेपर हातात. आपण जिंकलो असं वाटलं! सर्जरीच्या दाराशी मात्र टोकन-बिकन काही नाही. शिपाई मामा केसपेपरांचा गठ्ठा हातात धरून नावं पुकारतात. बाबांचं नाव पावणेबाराला आलं. आत चार मिनिटं. रक्त, ईसीजी, एक्स-रे, सोनोग्राफी लिहून दिली आणि "पुढच्या मंगळवारी दाखवा."

खरी मेख इथे होती. डॉक्टरांची युनिटं असतात, प्रत्येकाचा ओपीडीचा वार ठरलेला. बाकीचे दिवस तेच डॉक्टर ऑपरेशनला नाहीतर वॉर्डात. आम्हाला सोनोग्राफीची तारीख मिळाली पुढच्या बुधवारची. एका दिवसासाठी आख्खा आठवडा गेला. माझ्या मागच्या ताईंनी खिडकीवर आधीच सांगितलं, "मॅडम, आमचा वार मंगळवार आहे," आणि त्यांना सोमवार मिळाला. मला कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

तिसऱ्या मंगळवारी सगळे रिपोर्ट घेऊन गेलो, तर भूलतज्ज्ञांकडून फिटनेस आणायला पाठवलं. बीपी १७०.

"काका, गोळी घेताय ना?"

"घेतो की."

मी बाबांकडे पाहिलं. "आज नाही घेतली. नाश्त्यानंतरची आहे ती, आणि नाश्ता कुठे झालाय?" पहाटे साडेपाचला त्यांना उठवून घाईघाईने बाहेर काढणारा मीच. आणखी एक मंगळवार गेला.

ऑपरेशन सहाव्या आठवड्यात झालं, पाऊण तासात. डॉक्टर तरुण होते, बाबांशी प्रेमाने बोलले. त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी कार्डावर टाके दाखवायची तारीख लिहिली.

बाबांनी चष्मा न लावताच विचारलं, "मंगळवारच ना?"